तार कुठे बांधायची, कुठे पुरायची

निपाणीहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. मुलानं पुण्याहून येताना शॉर्टवेव्ह असलेला एक छोटा रेडिओ आणला, पण रात्री लावला की नुसती खरखर. कुणीतरी सांगितलं, एरियल लावा. म्हणून त्यांनी गच्चीवर शंभर फूट तांब्याची तार ताणायचं ठरवलं आहे. पुढे ते विचारतात, "अर्थसाठी भिंतीतल्या थ्री-पिन प्लगच्या वरच्या मोठ्या भोकात तार घातली तर चालेल ना?"

पत्र वाचलं आणि आधी एक पोस्टकार्ड टाकलं. चालणार नाही, तेवढं करू नका, बाकीचं सदरात सविस्तर लिहितो. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही, कारण या अर्थच्या बाबतीत मी स्वतः याहून मोठी चूक करायला निघालो होतो. ती आधी सांगतो.

आमच्या घरी अण्णांचा वॉल्व्हचा रेडिओ होता. त्या काळच्या घरांत असायची तशी तांब्याच्या जाळीची एक पट्टी माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तिरकी ताणलेली असे. पाहुणे आले की लहान मुलं ती काय म्हणून विचारत. तिच्यातून एक वायर रेडिओच्या पाठीमागे 'ए' लिहिलेल्या भोकात आणि 'ई' लिहिलेल्या भोकातून दुसरी वायर खिडकीतून थेट अंगणातल्या तुळशीत. रोज सकाळी आई तुळशीला पाणी घाली. अण्णा म्हणत, "तुळशीबरोबर आमच्या रेडिओलाही पाणी मिळतं." पोस्टातून दरवर्षी लायसन्स घ्यायचं, सणासुदीला रेडिओवरचा भरतकामाचा रुमाल बदलायचा आणि बुधवारी रात्री सिलोनवर गीतमाला ऐकायची, असा तो जमाना.

गोव्याच्या मुक्तीलढ्याचं गुप्त केंद्रही त्यावर लागायचं, असं अण्णा सांगत. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी ते केंद्र 1955 च्या नोव्हेंबरपासून 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत आपल्याच सह्याद्रीच्या जंगलातून, आधी आंबोलीकडून आणि मग कॅसलरॉककडून, कोकणी आणि पोर्तुगीज भाषेत चालवलं. लिबियाताईंना 2025 साली पद्मश्री मिळाली तेव्हा अण्णा हवे होते, असं फार वाटलं.

अण्णा गेल्यावर रेडिओ माळ्यावर गेला. काही वर्षांनी मी तो खाली काढला, धूळ झटकली, दिवा लागला, आवाजही आला. म्हटलं, आता अण्णांसारखीच तार लावू. फक्त 'ई'चं भोक गंजून गेलं होतं. म्हणून मी जाड वायर घेतली, मागचा पुठ्ठा काढला आणि ती सरळ चासीच्या स्क्रूला आवळणार होतो. दुसरं टोक आधीच तुळशीत खोचून आलो होतो. नशिबानं त्याच दिवशी आमचे जुने रेडिओचे मेस्त्री घरी आले होते. वय झालेलं, पण नजर तीच. म्हणाले, "थांबा, थांबा. आधी टेस्टर आणा की." टेस्टर चासीला टेकवला आणि लख्ख पेटला. दोन पिनचा प्लग उलटा करून घातला, तर विझला.

मेस्त्रींनी मग समजावून सांगितलं. पूर्वी बऱ्याच गावांत डीसी करंट असे. एसी-डीसी दोन्हीवर चालावेत म्हणून काही रेडिओ ट्रान्सफॉर्मरशिवाय बनवत. अशा सेटमध्ये विजेची एक वायर थेट चासीला जोडलेली असते. प्लग ज्या बाजूनं बसला त्यावर चासीत फेज येणार की न्यूट्रल, हे ठरतं. 'ई'च्या भोकात आणि चासीत मध्ये एक कंडेन्सर असतो, तोच काय तो आडपडदा. "आणि साठ वर्षांच्या कंडेन्सरवर काय विश्वास ठेवतासा?" मेस्त्री म्हणाले. मी तर तो कंडेन्सरही वगळून सरळ स्क्रूला तार बांधणार होतो. ती तार गेली होती तुळशीत. फ्यूज जाईलच असंही नाही, कोरड्या मातीतून तेवढा करंट वाहत नाही. माती आणि तार मात्र जिवंत राहते. सकाळी ओल्या पायांनी, हातात पितळी तांब्या घेऊन आई तिथं उभी राहिली असती.

तेव्हापासून मी कुणालाही एरियलच्या आधी अर्थविषयी बोलतो. ज्यांच्या घरी असा जुना सेट आहे त्यांनी वॉल्व्हवरचे नंबर बघावेत. यूसीएच, यूबीसी, यूएल, यूवाय असे 'यू'पासून सुरू होणारे वॉल्व्ह असतील तर तो सेट बहुधा ट्रान्सफॉर्मरविना आहे. त्याच्या चासीला कधीही, कशाचीही तार जोडायची नाही, मागचा पुठ्ठा काढून तो चालू ठेवायचा नाही. शोभेला ठेवा, नाहीतर जाणकाराकडून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून घ्या.

आता निपाणीकरांचा नवा, सेलवर चालणारा रेडिओ. त्याला हा धोका नाही. मग प्लगचं भोक का नको? एक तर घरातलं अर्थिंग हे माणसाला शॉक बसू नये म्हणून आहे, त्याला त्याचंच काम करू द्यावं. जुन्या घरांत ते नीट आहे की नाही, वायरमननं कुठं न्यूट्रलला गाठ मारून ठेवलीय का, हे भिंतीबाहेरून दिसत नाही. आणि हाताखालच्या भोकाला भोक चुकून फेजचं भोक निघालं, तर विषयच संपला. दुसरं असं, की घरातली सगळी खरखर याच वायरीतून फिरत असते. तिला रेडिओशी जोडणं म्हणजे गटाराचं पाणी हौदात सोडणं.

ही खरखर येते कुठून? अण्णांच्या वेळी घरात पिवळे बल्ब आणि एखादा पंखा. आज एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. या प्रत्येकात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारं सर्किट असतं. त्याचे पडसाद पार शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांपर्यंत उमटतात आणि घरातल्या वायरिंगभर पसरतात. सगळं वायरिंगच मग खरखर सोडणारं एरियल होऊन बसतं. म्हणून आज एरियलचं मुख्य काम स्टेशन जास्त पकडणं हे राहिलेलं नाही. घरापासून दूर राहणं हे आहे.

शंभर फुटांचा मोहही इथंच फसतो. तार लांब केली की स्टेशन मोठं होतं आणि खरखरही तेवढीच मोठी होते. सभेचा कर्णा वाढवला तर भाषणाबरोबर कुत्र्याचं भुंकणंही वाढतं, तसं. शिवाय छोटे रेडिओ हे त्यांच्या ओढायच्या दांडीपुरते बनवलेले असतात. त्यांना मोठी तार लावली की जोरदार स्टेशनं एकमेकांत मिसळतात आणि जिथं काही नाही तिथं भलतंच ऐकू येतं. रेडिओवर 'लोकल-डीएक्स' असं बटण असेल तर ते लोकलवर करून बघा. आवाज स्वच्छ झाला तर समजा, तार जास्त झाली.

म्हणून निपाणीकरांनी पैसा खर्च करण्याआधी एक रात्र एवढंच करावं. रेडिओ सेलवर लावायचा, एखादं अशक्त स्टेशन धरायचं आणि घरातला मेन स्विच पाच मिनिटं बंद करायचा. खरखर एकदम बसली तर चोर घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत जायचं. आमच्या घरी हा तपास मी केला, तेव्हा इन्व्हर्टरवर माझा पक्का संशय होता. निघाली देव्हाऱ्यातली दिव्यांची माळ! तिच्या डबीसारख्या अडॉप्टरनं पंचवीस मीटरचा अख्खा पट्टा खाऊन टाकला होता. "देवाच्या दिव्यानं तुमच्या रेडिओला काय होतंय?" असं आमच्या सौ.नं मला चांगलंच सुनावलं. शेवटी रात्री साडेआठनंतर देवापुढे तेलाची निरांजन, माळ बंद, असा तह झाला. देवाची काही तक्रार आलेली नाही. रेडिओचा स्वतःचा अडॉप्टरही असाच दोषी असतो, म्हणून ऐकताना सेलच वापरावेत.

एवढं करूनही तार लावायचीच असेल, तर पंधरा-सोळा मीटर, म्हणजे पन्नासेक फूट भरपूर झाली. आकार उलट्या एलचा. घराच्या मागल्या बाजूला खांब किंवा नळाचा पाइप उभा करायचा, तिथून तार सरळ वर न्यायची आणि मग आडवी अंगणापलीकडच्या झाडाला. परसातला आंबा, जांभूळ, नारळ काहीही चालतं. फक्त वाऱ्यानं झाड हलतं तेव्हा तार तुटू नये म्हणून तिकडच्या टोकाला नायलॉनची दोरी कप्पीवरून सोडून खाली वजन लटकवावं. आम्ही वीट बांधली आहे. तारेच्या दोन्ही टोकांना चिनी मातीचे अंड्यासारखे इन्सुलेटर लावायचे. तार मोटार वाइंडिंगच्या दुकानातली एनॅमलची किंवा घरगुती वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची प्लॅस्टिकवाली. प्लॅस्टिक सोलायची गरज नाही, लहरी आतल्या तांब्यापर्यंत पोचतात. आपल्याकडच्या पावसात उलट तेच टिकतं.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा शेजारून एरियल न्यायचं नाही. आपली तार तुटली तर ती त्यांच्यावर पडता कामा नये आणि त्यांची तुटली तर आपल्यावर. तारेच्या लांबीपेक्षा जास्त अंतर राहत नसेल, तर तिथं एरियल नाही म्हणजे नाही. निपाणीच्या पत्रात गच्चीवरून विजेची लाइन किती दूर आहे, ते लिहिलेलं नाही. माझी पहिली शंका तीच आहे.

खांबापासून घरात यायला उघडी तार वापरू नका. ती घराजवळ आली की पुन्हा सगळी खरखर गोळा करते. टीव्हीच्या डिशची केबल वापरावी. आत एक तार, तिच्याभोवती जाळी. ती जाळीच खरखर अडवते. मात्र लांब तार आणि ही केबल यांचा जोड नैसर्गिकपणे बसत नाही, मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. फेराइटच्या कड्यावर तीन एनॅमल तारा एकत्र धरून आठ-नऊ वेढे घेतले आणि एकाचं शेवटचं टोक दुसऱ्याच्या पहिल्याला असं जोडत गेलं की नऊला एक असा तो तयार होतो. जमत नसेल तर विकतही मिळतो. तो प्लॅस्टिकच्या डबीत घालून खांबाच्या पायथ्याशी ठेवायचा. वर एरियल, बाजूला केबल आणि खाली अर्थ.

हाच खरा अर्थ. घरातला नव्हे, तुळशीतला नव्हे, खांबाच्या पायथ्याशी खणलेला. एका टोकाला जोडलेल्या अशा तारेला दुसरं पाऊल लागतंच. ते जमिनीत रोवलं नाही, तर ती केबलच्या जाळीला आपलं पाऊल करते आणि घरातली खरखर त्या वाटेनं उलटी चढून एरियलमध्ये शिरते. जाळी बाहेरच अर्थला जोडली की त्या खरखरीला जायला जवळची वाट मिळते. माझं हे काम झालं त्या संध्याकाळी एकतीस मीटरवर जिथं महिनाभर फक्त घरघर होती, तिथं एक बाई स्वच्छ इंग्रजीत बोलताना ऐकू आली. रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल होतं. मी सौ.ला हाक मारली. तिनं ऐकलं आणि विचारलं, "मराठी कधी लावणार?"

अर्थसाठी पाच-सहा फुटांचा गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड घ्यायचा. निपाणीकडे काळी माती असेल तर काम सोपं, ती ओल धरून ठेवते. आमच्याकडे बेळगावात आणि पुढे खानापूरच्या बाजूला तांबडी माती, खाली मुरूम नाहीतर जांभा. रॉड दोन फूट गेला की दगडावर टणकन आवाज येतो. अशा ठिकाणी हातोड्यानं झगडत बसण्यापेक्षा खड्डा खणावा, रॉडभोवती लाकडी कोळसा आणि मीठ यांचे थर द्यावेत, वरून माती. वायरमन वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी. मोरीचं पाणी तिकडं वळवलं तर तेवढीही आठवण ठेवायला नको. तुळशीच्या वृंदावनाचा कट्टा विटा-सिमेंटचा असेल तर त्यातली माती खालच्या जमिनीला टेकलेलीच नसते. अण्णांचा रेडिओ इतकी वर्षं ज्याला अर्थ समजत होता ती एक मोठी कुंडी होती, हे मला वृंदावन दुरुस्तीला काढलं तेव्हा कळलं.

आणखी एक गोम. रेडिओ किंवा त्याला जोडलेली कुठलीही वस्तू प्लगवर चालणार असेल, तर घरातलं अर्थिंग आणि अंगणातलं अर्थिंग अशी दोन वेगळी पावलं होतात. जवळपास वीज पडली की या दोन ठिकाणच्या जमिनीत क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि त्यांच्यामध्ये असतो आपला रेडिओ, कदाचित आपण. म्हणून एक तर सेलवरच ऐका, नाहीतर परवानाधारक वायरमन बोलावून ही दोन्ही अर्थिंगं जाड तांब्याच्या तारेनं बाहेरूनच एकमेकांना जोडून घ्या.

विजेचं म्हणाल तर शिमगा झाला, ऊन तापू लागलं, आता वळवाचे दिवस आले. चार वाजेपर्यंत आकाश कोरडं ठणठणीत आणि पाचला ढग कोसळतात. अशाच एका संध्याकाळी मी केबल रेडिओला लावलेली तशीच ठेवून बाजारात गेलो होतो. वीज पडली दोन घरं सोडून पलीकडच्या नारळावर. आमच्या तारेला ती शिवलीसुद्धा नाही, तरी रेडिओ मेला. मेस्त्रींनी उघडून पाहिलं, तोंडाशी असलेला नाजूक ट्रान्झिस्टर गेला होता. घरात कुणी हेडफोन लावून बसलेलं नव्हतं, एवढंच. अर्थिंग होतं ना, असं मीही म्हणालो होतो. अर्थिंगनं साठलेली स्थिर वीज निघून जाते, प्रत्यक्ष पडणारी वीज ते पेलत नाही. आता आमच्याकडे भिंतीच्या बाहेर एक जुन्या धर्तीचा नाइफ स्विच आहे. ऐकून झालं की खटका खाली, एरियल थेट जमिनीला. शिवाय घरातली केबल काढून खिडकीबाहेर. गडगडाट ऐकू आल्यावर मात्र स्विचकडे धावायचं नाही, तेव्हा उशीर झालेला असतो. आधीच, रोजच्या रोज.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी नाराज होऊ नये. तिसऱ्या मजल्यावरून अर्थची तार खाली सोडण्यात काही हशील नाही, ती लांब तार स्वतःच एरियल होते. त्यांनी अर्थ न लागणारा प्रकार घ्यावा. गच्ची मिळत असेल तर मधोमध तोडलेली आणि मध्ये केबल जोडलेली तार, म्हणजे डायपोल. तिची लांबी काढायला 143 ला मेगाहर्ट्झनं भागायचं. एकतीस मीटर पट्ट्याच्या 9.6 मेगाहर्ट्झसाठी जवळपास पंधरा मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेसात. गच्चीही नसेल तर खिडकीत सुमारे मीटरभर व्यासाचं तारेचं कडं, लूप. ते हातानं फिरवत राहिलं की एका कोनात घरातली खरखर बरीच कमी होते.

ऐकायला आता उरलंय काय, असंही पत्रात विचारलं आहे. कमी उरलंय, खोटं कशाला सांगू? बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा 31 जानेवारी 2020 ला थांबली, त्या संध्याकाळी मी उगाचच रेडिओजवळ बसून होतो. पण चीन, रोमानिया, तुर्कस्तान यांची इंग्रजी प्रक्षेपणं अजून आहेत. 10 मेगाहर्ट्झवर चीनच्या वेळकेंद्राचे टिकटिक ठोके येतात, घड्याळ लावायला उत्तम. रेडिओत एसएसबी असेल तर 7 मेगाहर्ट्झच्या आसपास सकाळी देशभरातले हॅम मंडळी एकमेकांची चौकशी करताना सापडतात. दिवसा एकोणीस, सोळा मीटरकडे बघावं आणि अंधार पडल्यावर एकतीस, एकेचाळीस, एकोणपन्नासकडे यावं, कारण खालच्या लहरी शोषणारा आकाशातला थर सूर्याबरोबर मावळतो.

निपाणीकरांनी आता एवढं कळवावं. अंगणाची लांबी किती, विजेची लाइन कुठल्या बाजूनं जाते, माती काळी की तांबडी आणि मेन स्विच बंद केल्यावर खरखर किती बसली. तार तूर्त गुंडाळूनच ठेवा. मुलगा पुन्हा येईल तेव्हा खड्डा खणायला त्याला लावा, वळवाच्या आत.